दोन खुर्च्यांचं कॉकपिट



आज आमच्या शाळेतल्या एका उपक्रमाबद्दल लिहितोय. शाळेतला जुना कॉम्प्युटर, प्लायवूडचे तुकडे, पीव्हीसी पाईप आणि यंत्रमागाच्या भंगारातल्या स्प्रिंगा वापरून आम्ही आठवीच्या वर्गात विमानाचं कॉकपिट बनवलं. एकूण खर्च आला ३,१५० रुपये. साहित्य, कृती, हिशेब सगळं खाली देतोच. पण तेवढंच सांगून थांबलो तर ते अर्धं सांगणं होईल. कारण या उपक्रमात सगळ्यात मोठी चूक मुलांच्या नाही, माझ्या हातून झाली.

सुरुवात कशी झाली

९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली. आमची शाळा होटगी रस्त्यापासून फार लांब नाही. बऱ्याच वर्षांनी प्रवासी विमानाचा आवाज यायला लागला आणि शाळा भरल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या तासाची वाट लागली. पंख्याचा घोंगावणारा आवाज आला की निम्मा वर्ग खिडकीत. मी दोन दिवस ओरडलो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, बघा बाबांनो पोटभर, आणि मग प्रश्न विचारा.

प्रश्न भराभर आले. "सर, आत किती बटणं असत्यात?" "विमानाला रिव्हर्स गिअर असतोय का?" "ती चिमणी पाडली ना सर, तिचा विमानाला काय त्रास होता?" आणि मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "चालवणारा एकच असतोय का दोघं?"

मी म्हणालो, "दोघं असतात," आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. त्या उत्तराला तेव्हा मी दोन सेकंदसुद्धा दिले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध आहे.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर देता आली असती. पण मला वाटलं, मुलांना विमानात बसवता येत नाही, तर निदान विमानाच्या खुर्चीत बसवू.

ही कल्पना गरिबीतूनच आलेली आहे

फ्लाइट सिम्युलेटर म्हटलं की आपल्याला कोट्यवधींची यंत्रं आठवतात. पण त्याचा इतिहास वाचला तर धीर येतो. अमेरिकेत बिंगहॅम्टन नावाच्या गावात एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा कारखाना होता ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा. पोराला विमान शिकायचं वेड, आणि शिकवणी परवडेना. मग त्यानं वडिलांच्या कारखान्यातले ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून एक छोटं लाकडी विमान तयार केलं. ते जागेवरच डावी-उजवीकडे कलायचं, नाक वर-खाली करायचं. साल होतं १९२९. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखं करमणुकीच्या बागांमध्ये विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून न्यायचं काम आलं आणि खराब हवेत त्यांतले अनेक जण दगावले, तेव्हा सैन्यानं लिंककडून सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर कॅप्टन अमोल यादव. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरंखुरं विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. गच्चीवर विमान होतं, तर वर्गाच्या कोपऱ्यात कॉकपिट का होणार नाही?

लिंकच्या घरी ऑर्गनचे भाते होते. आमच्या मुलांच्या घरी काय आहे? यंत्रमाग. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी कारखान्यात चादर नाहीतर टॉवेलवर काम करतं. एका मुलाच्या वडिलांनी अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातून भंगारात निघालेल्या स्प्रिंगांची पिशवीच पाठवली. काही नरम, काही टणक. चाक सोडल्यावर ते मधोमध परत यायला हवं, त्यासाठी कुठली स्प्रिंग बरी हे त्या मुलानं हातात दाबून सांगितलं. तिथं माझं बी. एस्सी. काही कामाला आलं नाही.

साहित्य आणि कृती

सॉफ्टवेअर आम्ही फ्लाइटगिअर वापरलं. ते मोफत आहे. त्यात सेसना १७२ हे चार आसनी छोटं विमान मिळतं, जगभरचे विमानतळ मिळतात, आणि आपलं सोलापूरही आहे. विमानतळाचा संकेत 'व्हीएएसएल' टाकला की आपण थेट होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर. आमचा कॉम्प्युटर जुना, म्हणून चित्राचा दर्जा कमी ठेवला. परिसराची फाइल घरून पेन ड्राइव्हवर आणली.

मुख्य भाग म्हणजे चाक, ज्याला योक म्हणतात. ते फिरवलं की विमान कलतं, ओढलं की नाक वर, ढकललं की नाक खाली. पीव्हीसी पाईपचा दांडा केला. टेबलाच्या ड्रॉवरला असतो तो सरकता चॅनेल खाली लावला, म्हणजे दांडा पुढे-मागे सरकतो. आता ही हालचाल कॉम्प्युटरला कळायची कशी? त्यासाठी पोटेन्शिओमीटर, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच भाग. दांड्याच्या टोकाला एक लावला, तो फिरणं मोजतो. चॅनेलला पट्टी जोडून दुसरा लावला, तो ओढणं-ढकलणं मोजतो. तिसरा पायातल्या पेडलना, चौथा इंजिनाच्या खटक्याला. चारींच्या वायरी प्रो मायक्रो नावाच्या काडेपेटीपेक्षा लहान बोर्डाला जोडल्या. हा बोर्ड कॉम्प्युटरला आपली ओळख जॉयस्टिक म्हणून करून देतो. सगळा कारभार यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालतो, त्यामुळे शॉकची भीती नाही. सोल्डरिंग मात्र मोठ्यांनी समोर बसूनच करून घ्यावं.

बोर्ड प्रत्येक हालचालीचं ० ते १०२३ मध्ये माप देतो. आमची पट्टी पोटेन्शिओमीटरला पूर्ण फिरवत नव्हती. माप ३४० ते ६८० एवढंच यायचं. ते ताणून ० ते १०२३ करायचं कसं? गुणोत्तर-प्रमाणाचं याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

आता हिशेब. जुना मॉनिटर १,२००, बोर्ड ५५०, चार पोटेन्शिओमीटर १२०, चॅनेलची जोडी १८०, पाईप आणि जोड २६०, स्विच आणि बटणं २००, वायर आणि सोल्डर १५०, बिजागऱ्या आणि स्क्रू १४०. झाले २,८००. प्लायवूड सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांतून मिळालं, खुर्ची शाळेतलीच. बाजारातलं तयार चाक आणि पेडल घ्यायला गेलो असतो तर एवढ्यात कोपराही आला नसता. वरचे ३५० रुपये कशाचे, ते पुढे येतं.

खुर्चीत बसल्यावर

पहिल्याच दिवशी मुलांनी मला पकडलं. "सर, आपण जमिनीवर हाय ना? मग उंचीची सुई दीड हजारावर का?" कारण ती सुई समुद्रसपाटीपासूनचे फूट मोजते, आणि सोलापूरच मुळात सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं 'समुद्रसपाटीपासूनची उंची' त्या दिवशी मुलांना खरं वाटलं.

धावपट्टीच्या एका टोकाला १५ आणि दुसऱ्या टोकाला ३३ का लिहिलंय? त्या अंकांना दहानं गुणलं की दिशेचे अंश मिळतात, १५० आणि ३३०. वजाबाकी केली की १८०. सरळ रेषेचा कोन!

आणि चिमणीचं कोडं. १५ जून २०२३ ला साखर कारखान्याची ती चिमणी पाडली, तेव्हा ही मुलं पाचवी-सहावीत होती. त्यावरून गावात बराच वाद झाला, आजही होतो. त्यात मी पडत नाही. पण गणित असं आहे: विमान उतरताना साधारण ३ अंशाच्या उतारानं येतं. म्हणजे धावपट्टीपासून एक किलोमीटरवर असताना त्याची उंची असते फक्त ५२ मीटर. ९० मीटर उंचीवर असताना धावपट्टी राहते जेमतेम पावणेदोन किलोमीटर. चिमणीची उंची नव्वद मीटरच्या आसपास होती. मुलांनी वहीवर त्रिकोण काढला आणि गप्प झाली. आधी जे ओरडून बोलत होते, ते आता मोजून बोलायला लागले.

आता माझी चूक

दिवाळीनंतर पालकसभा ठेवली. कॉकपिट दाखवायचं ठरलं. बाहेरचे एक पाहुणेही येणार होते. आदल्या संध्याकाळी चाकाची एक वायर तुटली. मुलं घरी गेली होती, म्हणून मीच घाईघाईनं दोन वायरी काढून पुन्हा जोडल्या.

सकाळी ती मागच्या बाकावरची मुलगी लवकर आली. चाक हलवून बघितलं आणि माझ्याकडे आली. "सर, ते उलटं व्हायलंय ओ."

मी खुर्च्या मांडत होतो. म्हणालो, "आत्ता नको. पाहुणे येतायत. बस खाली."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग जाऊन बसली.

दाखवायच्या वेळी खुर्चीत कोण बसलं? मी. मुलांच्या हातून काही मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. इंजिन चालू केलं, वेग वाढला. ५५ नॉट, म्हणजे ताशी साधारण शंभर किलोमीटर झाले की चाक हलकेच ओढायचं. ओढलं. विमानानं नाक खाली घातलं. मी घाबरून आणखी ओढलं. नाक आणखी खाली. पंखा धावपट्टीवर आपटला आणि खेळ खलास. मी दोन वायरींची अदलाबदल केली होती, म्हणून दिशा उलटी झाली होती. तिनं सांगितलं होतं तेच.

सगळे हसले. हसण्याचं काही नाही. पण मी त्यानंतर काय म्हणालो ते लिहायला अजूनही जड जातं. मी म्हणालो, "कॉम्प्युटर जुना आहे हो, कधीकधी असं करतो."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे वडीलही आले होते. यंत्रमागावर काम करणारा कमी बोलणारा माणूस. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "सर, पोरगी सकाळी काय तर सांगत होती म्हणे तुम्हाला."

मी 'हो' म्हणालो. त्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

विमानात दुसरी खुर्ची कशासाठी असते

त्या आठवड्यात मी विमान अपघातांबद्दल वाचत बसलो. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या केएलएम विमानाचे कॅप्टन कंपनीतले अतिशय ज्येष्ठ वैमानिक होते, वर्षानुवर्षं इतरांना सिम्युलेटरवर शिकवणारे. म्हणजे शिक्षकच. विमान धावायला लागल्यावर मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली होती की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय का? कॅप्टननी झालंय म्हणून सांगितलं आणि पुढे निघाले.

अपघाताला इतरही कारणं होती: धुकं, रेडिओवरचा गोंधळ, उशीर झाल्याची घाई. पण असे अपघात पाहिल्यावर विमान कंपन्यांना कळलं की कॅप्टनचं कौशल्य पुरेसं नाही. शेजारच्यानं बोलायला शिकलं पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं, कॅप्टननं ऐकायला. १९७९ मध्ये नासानं यावर कार्यशाळा घेतली आणि नंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात हा विषयच आला. आज एक वैमानिक विमान चालवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो. लक्ष ठेवणं हेही तेवढंच मोठं काम मानलं जातं.

"चालवणारा एकच असतोय का दोघं?" जूनमध्ये तिनं विचारलं होतं. मी 'दोघं' म्हणालो होतो आणि कॉकपिट बनवलं होतं एका खुर्चीचं.

सोमवारी वर्गात मी सगळ्यांसमोर सांगितलं: कॉम्प्युटर जुना असल्यानं काही झालं नव्हतं. वायर मी उलटी जोडली होती, हिनं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मला वाटलं होतं ती हसेल. तसं काही झालं नाही. ती खाली बघत राहिली आणि पुढचे आठ-दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. माफी मागितली म्हणजे लगेच खातं बरोबरीत येतं असं नाही, हे मला या वयात शिकायला मिळालं.

३५० रुपयांची खुर्ची

मग आम्ही दुसरी खुर्ची लावली. तिच्यासमोर चाक नाही. आहेत ते इंजिनाचा खटका, पंखांच्या फळ्यांची बटणं, एक तपासणी यादी आणि एक मोठं लाल बटण. त्यासाठी भंगारातला यूएसबी कीबोर्ड उघडला आणि त्याच्या आतल्या पट्टीला आमची बटणं जोडली. फ्लाइटगिअरमध्ये कीबोर्डचं 'पी' दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. लाल बटण म्हणजे ते 'पी'. त्याच्यावर मुलांनी खडूनं लिहिलंय: थांबा.

नियम दोन. पहिला: दुसऱ्या खुर्चीतल्यानं 'थांबा' म्हटलं की चाकावरचा हात आधी थांबतो, वाद नंतर. दुसरा: थांबवणारा चुकला तरी त्याला कुणी हसायचं नाही. खऱ्या विमानात असं बटण नसतं, हेही मुलांना सांगितलंय. म्हणूनच तिथे तोंड उघडावं लागतं.

तपासणी यादी मुलांनी मराठीत लिहिली. भाषेच्या शिक्षकांनी हा भाग जरूर घ्यावा, आज्ञार्थी वाक्यांचा यापेक्षा जिवंत सराव नाही. 'दारं लाव. पट्टा बांध. इंधन बघ. चाक डावीकडे फिरव: डाव्या पंखाची फळी वर गेली का?' खरे वैमानिकही उड्डाणाआधी हे बघतात. त्याची एक युक्ती आहे: चाक फिरवताना अंगठे वर ठेवायचे. अंगठे ज्या बाजूला कलतात, त्या बाजूच्या पंखाची फळी वर उठलेली दिसली पाहिजे. ही यादी त्या दिवशी माझ्याकडे असती तर मी आपटलो नसतो. खरं तर यादीपेक्षा चांगली गोष्ट माझ्याकडे होती. एक मुलगी समोर उभी राहून सांगत होती.

पुढे काय झालं

फार मोठं काही झालं नाही. ती मुलगी पायलट होणार असं मी म्हणणार नाही, तिनंही म्हटलेलं नाही. एक झालं. जानेवारीत मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करत होतो आणि छेद चुकलो. मागून आवाज आला, "सर, थांबा."

खरं सांगतो, आधी राग आला. खडू हातात तसाच राहिला. मग फळ्याकडे बघितलं. चूक होती. पुसली, दुरुस्त केली, पुढे गेलो. आता महिन्यातून तीन-चार वेळा कुणी ना कुणी थांबवतं. निम्म्या वेळा चूक त्यांची असते. तरी मी थांबतो.

तिचे वडील परवा रस्त्यात भेटले. डोक्यावर हेल्मेट होतं. म्हणाले, "घरी बी थांबा म्हणायला लागलीय ओ सर. हे घातल्याशिवाय गाडी चालू करू देईना."

मित्रांनो, तुमच्या शाळेत हे करायचं असेल तर हळूहळू करा. आधी नुसतं चाक, मग पेडल. पैसे कमी पडले तर दुसरा मॉनिटर नको, पेडलही नकोत. वायरींना मात्र रंगीत खुणा करा. आमच्या चाकाच्या दोन वायरींना त्या मुलीनं चादरीचा लाल आणि पिवळा धागा बांधलाय, आता उलट लागणं शक्य नाही.

आणि दुसरी खुर्ची पहिल्या दिवसापासून ठेवा. मी ती मागाहून लावली. पालकहो, घरात तर तिला साडेतीनशे रुपयेसुद्धा लागत नाहीत.